वर्षभर रात्री बसून केलं ते यंत्र दोन मिनिटांत करतं, मग हाताने कशाला?

बोरू_दौत

नोकरी-संसार सांभाळून गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतःचं असं काय काम केलंत, ते ऐकायचं आहे. आधी माझं सांगतो, कारण त्यावरून घरात वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही.

गावच्या घरी माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले कागदांचे दोन गठ्ठे, म्हणजे रुमाल, होते. पणजोबांचा जमाखर्च, थोडी पत्रं, सगळं जुन्या मोडी लिपीत. मागच्या पाडव्याला पहिला रुमाल सोडला. मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणून बाराखडी गिरवण्यापासून सुरुवात. रोज रात्री जेवणं आटोपली की पाऊण तास. वर्षात ४१ पानं वाचून झाली. एकूण तीनशेच्या वर आहेत.

दिवाळीत मेहुण्याने त्यातल्या चार पानांचे फोटो मोबाईलवर यंत्राला, म्हणजे एआयला, दिले आणि दोन मिनिटांत देवनागरी मजकूर माझ्यापुढे धरला. "दाजी, वर्ष फुकट घालवलंत."

त्या मजकुरातली एकच ओळ सांगतो. मूळ पानावर 'सुताचे' आणि पुढे ३ रुपये आहेत. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. आधी ओळभर रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. त्यामुळे हा सुत, म्हणजे मुलगा, की धाग्याचं सूत, यावर मी तीन आठवडे अडून होतो. मुलगाच धरून चाललो होतो. पुढे सहाव्या पानावर कोष्ट्याला, म्हणजे विणकराला, दिलेले पैसे सापडले, तेव्हा उलगडा झाला. यंत्राने तिथे बेधडक 'सुताराचे' लिहिलं होतं. कागदावर तिथे 'र' नाहीच! पण मेहुण्याला ते कळणार कसं? त्याला मोडी येत नाही.

माझं मत: हौसेच्या कामात यंत्र मध्ये आणू नये. जे हाताने करता येत नाही ते करायलाच घेऊ नये.

पिंपळपान_७

तुमच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण मत अजिबात पटलं नाही.

वर्षाला ४१ पानं म्हणजे तीनशे पानांना सात वर्षं. तेवढे दिवस कागद थांबणार आहे का? आमच्या चुलत घराण्यात असाच एक पेटारा होता. "सवडीने वाचू" म्हणत म्हणत तीन पावसाळे गेले. उघडला तेव्हा आत वाळवीने केलेली माती होती. नुसती माती. ते आता कोणालाच वाचता येणार नाही, हाताने नाही आणि यंत्रानेही नाही.

आणि प्रश्न एकट्या तुमच्या रुमालाचा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून तंजावरच्या सरस्वती महालापर्यंत मोडी कागदांचे ढीग आहेत, घराघरांतले वेगळेच. वाचणारी माणसं किती? संगणकावर लिपी लिहिता येण्यासाठीच्या युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ साली. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी मोडी मजकुराची दोन हजारांवर चित्रं देवनागरी लिप्यंतरासह खुली केली, ती यंत्राला शिकवण्यासाठीच. आज ते 'सुताराचे' वाचत असेल. तुमच्यासारख्यांनी तपासलेली पानं मिळाली तर उद्या 'सुताचे' वाचेल. ही ४१ पानं स्वतःपाशी ठेवून तुम्ही कोणाचं भलं करताय?

आईची_वही

मी पुण्यात नोकरी करते, आई गावी. तिच्या बचत गटात चौदा बायका, महिन्याला प्रत्येकीचे दोनशे रुपये, आणि कर्ज घेतलं तर महिना शेकडा दोन रुपये व्याज. हिशेब आईच्या वहीत. दर महिन्याच्या बैठकीला त्या वहीवरून तास-दीड तास वाद ठरलेला.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. गेल्या श्रावणात यंत्राला मराठीत सांगत सांगत चार शनिवारांत एक छोटं ॲप करून घेतलं. आता बैठक पंधरा मिनिटांत उरकते. बोरू_दौत दादांच्या नियमाने बघितलं तर मी हे हातीच घ्यायला नको होतं. का? मला प्रोग्रॅमर व्हायचं नव्हतं. आईची रात्रीची डोकेदुखी थांबवायची होती आणि ती थांबली. हे माझं या वर्षातलं सर्वांत समाधानाचं काम आहे. त्यातली एकही ओळ मी लिहिलेली नाही, आणि मला त्याचा जराही कमीपणा वाटत नाही.

बोरू_दौत

ताई, तुमच्या कामाला नावं ठेवायचा हेतू नव्हता. पण एक खरं सांगा. ॲपने व्याज चुकीचं लावलं तर कळेल कसं?

आईची_वही

लावलं होतं की. तिसऱ्या महिन्यात. एका काकूंचे पाच हजार कर्ज, त्यांनी मधेच दोन हजार परत केले. व्याज उरलेल्या तीन हजारांवर लागायला हवं, म्हणजे साठ रुपये. ॲप शंभरच दाखवत राहिलं. आईने तोंडी हिशेब करून वहीत लिहून ठेवला होता म्हणून पकडलं. दुरुस्त केलं. तेव्हापासून वही बंद करायची नाही असं ठरलंय. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई ॲप तपासते.

रात्रपाळी

दोन्ही बाजूंना एक विचारतो. प्रत्येक रिकाम्या वेळेचं 'काम' व्हायलाच हवं का? आमच्याकडे आता मुलाखतीतही "नोकरीबाहेर काय बनवलंत" विचारतात. मी वर्षभरात काहीही बनवलं नाही. आठ महिने वडिलांची शुश्रूषा केली, उरलेल्या वेळात झोपलो. इथलं वाचताना कधी कधी वाटतं की आपण मागे पडलो. तसं वाटायचं कारण नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.

पिंपळपान_७

रात्रपाळी, वडिलांना आराम पडो. तुमचं म्हणणं मान्य.

आईची_वही यांच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पक्का होतो. चूक झाली, सापडली, सुधारली. बोरू_दौत, तुम्ही ती आई व्हा. वाचायला यंत्राला द्या, तपासा तुम्ही.

बोरू_दौत

तपासता येण्यापुरती मोडी कुठून येते, मुद्दा तो आहे. आईंनी वर्षानुवर्षं वही लिहिली म्हणून साठ आणि शंभरातला फरक त्यांना दिसला. मी पहिल्या दिवसापासून यंत्राचं वाचलं असतं तर आज मीही 'सुताराचे' म्हणत बसलो असतो, आणि पणजोबांनी कुठल्या सुताराकडून काय करून घेतलं ते शोधत फिरलो असतो.

वाळवीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तिथे मी चुकलो. फोटो आधीच काढायला हवे होते. या रविवारी बसतो.

जुना_कारकून

उशिरा लिहितोय. तीस वर्षं मोडी वाचतो आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी.

फोटो खिडकीजवळ काढा, उन्हात नाही. कॅमेरा पानाच्या बरोबर वर धरा. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी अजिबात लावू नका आणि कोणी लॅमिनेशन सुचवलं तर ऐकू नका. धूळ मऊ ब्रशने झाडा. रुमालात जुने लोक वेखंड ठेवत, ते ठेवायला हरकत नाही.

जमाखर्चात मुलाला 'सुत' कोणी लिहीत नाही. तिथे नाव असतं, नाहीतर 'चिरंजीव'. हे ठाऊक असतं तर तुमचे तीन आठवडे वाचले असते. म्हणून म्हणतो, यंत्र नको तर नको, पण एकट्यानेही करू नका. पाच-सहा जण आठवड्यातून एकदा एका पानाभोवती बसले की चुका आपोआप गळतात. मी शिकलो तो असाच.

पानांवर सन कुठला आहे? वर्ष कसं काढलंत?

बोरू_दौत

काका, मनापासून आभार. बहुतेक पानांवर फसली सन, म्हणजे महसुलाचं जुनं साल, आहे. पहिल्या एकवीस पानांवर १२९८. त्यात ५९० मिळवून १८८८ धरलंय. महिने चैत्र, वैशाख.

जुना_कारकून

तिथेच घोटाळा आहे. आपल्याकडे फसली साल मृगाला, जूनमध्ये बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९१. चैत्र-वैशाख मृगाच्या आधी येतात, म्हणजे ती पानं १८८९ ची. एखाद्या पानावर शकही असेल. १८११ दिसतो का बघा.

बोरू_दौत

आत्ता कंदिलासारखा मोबाईल धरून पाहिलं. नवव्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, शाई पसरलेली आहे म्हणून मी डाग समजून सोडून दिलं होतं. शके १८११, वैशाख.

एकवीसही पानांवर वर्ष बदलावं लागणार. पिंपळपान, दुरुस्त करून झाली की ४१ पानं फोटोंसकट तुम्हाला पाठवतो, ज्यांना यंत्राला शिकवायचं आहे त्यांच्याकडे पोहोचवा. आणि काका, पुण्यात आठवड्याला बसायचं ठरलं तर मी येतो. दुसरा रुमाल अजून सोडलेला नाही.