कथा पाठवण्याआधी वाचून नेमकं सांगणारा जोडीदार कुठे शोधायचा आणि त्याच्यासोबत काम कसं करायचं?

सुरंगीचा_वळेसर (वेंगुर्ला)

मी कथा लिहिते, लांबी साधारण ३,००० ते ४,००० शब्द. घरची माणसं आणि मैत्रिणी वाचतात, पण "छान झालीय", "अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं" याच्या पुढे कुणी जात नाही. जाणत्या माणसाकडे दिली तर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होऊन येतं, कथेबद्दल अवाक्षर नाही. मला स्वतः कथा लिहिणारं कुणीतरी हवंय. त्यांचं मी वाचेन, माझं त्यांनी वाचावं.

तालुक्याच्या गावात असं माणूस कुठे सापडतं? सापडल्यावर किती मजकूर द्यायचा, काय विचारायचं? माझी पात्रं मालवणीत बोलतात, तर वाचणाराही मालवणी जाणणारा हवा का? आणि कथा परक्या हातात देताना चोरीची भीती कितपत धरावी? यंदा दिवाळी अंकांना पाठवायचा विचार आहे.

चिरेबंदी

ताई, आधी कुठे शोधायचं ते. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखा तालुक्या-तालुक्यात आहेत. १९९१ साली मधु मंगेश कर्णिकांनी परिषद सुरू केली ती कोकणात लिहिणाऱ्यांना एकत्र आणायलाच. पण शाखेच्या कार्यक्रमाला जाऊन "माझी कथा वाचाल का?" असं व्यासपीठावरच्या पाहुण्यांना विचारू नका. मागच्या रांगांमध्ये वही घेऊन बसलेली माणसं बघा, त्यांच्याशी बोला. कथावाचन असेल तर कोण काय प्रश्न विचारतं ते ऐका. "ती बाई शेवटी परत का आली ते मला कळलं नाही" असं जो विचारतो, त्याचा फोन नंबर घ्या. वाचनालयंही आहेत. रत्नागिरीचं १८२८ पासूनचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, तुमच्या वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय. ग्रंथपालांना विचारा, कथासंग्रह आणि दिवाळी अंक सातत्याने कोण नेतं ते त्यांना ठाऊक असतं. गावात कुणीच मिळालं नाही तर जोडीदार चिपळूणचा किंवा मुंबईचा असला तरी चालतं. काम कागदावर होतं, भेटीची गरज फार कमी पडते.

निवडताना तीन गोष्टी बघा. तो आत्ता लिहितोय का, निदान दोन-तीन महिन्यांत एक कथा पुरी करतो का? पूर्वी लिहायचा आणि आता फक्त मत देतो, अशा माणसाबरोबर देवाणघेवाण एकतर्फी होते आणि लवकर थांबते. दुसरं, तुम्ही लिहिता त्या प्रकारच्या कथा तो आवडीने वाचतो का? फक्त रहस्यकथा वाचणाऱ्याला तुमची संथ कौटुंबिक कथा रेंगाळलेलीच वाटणार. त्यात त्याचा दोष नाही आणि तुमच्या कथेचाही नाही. तिसरं, वय आणि मान. आपल्याकडे वीस वर्षांनी मोठ्या माणसाला "तुमचं दुसरं पान निघून गेलं तरी चालेल" असं सांगणं जड जातं, आणि न सांगितलेली गोष्ट दोघांच्याही कामाची नाही. शक्यतो बरोबरीचं माणूस घ्या.

लगेच आख्खी कथा देऊ नका. दोघांनी १,२०० ते १,५०० शब्दांचा एकेक प्रसंग द्यायचा, मुदत दहा दिवस. मुदत पाळली का, शेरे मजकुरातल्या नेमक्या जागेवर आहेत का, आणि ते वाचून तुम्हाला पुन्हा लिहायला बसावंसं वाटलं का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर पुढे जा.

खाडीपलीकडे

चिरेबंदींनी माणूस कसा शोधायचा ते सांगितलं, मी पुढचं सांगतो. बऱ्याच जोड्या माणूस चुकीचा म्हणून मोडत नाहीत. काय विचारायचं तेच न ठरवता कथा पाठवतात, म्हणून मोडतात. नुसतं "कशी वाटली सांगा" लिहिलं की "छान वाटली" हेच परत येणार.

कथेबरोबर वर चार ओळींची चिठ्ठी लावा. खर्डा कितवा आहे, कुठे पाठवायची आहे, तीन ते पाच प्रश्न, आणि कशाकडे बघू नये. पहिल्या-दुसऱ्या खर्ड्याला "शुद्धलेखन आत्ता नको" असं स्पष्ट लिहा. जे पान पुढच्या खर्ड्यात जाणारच आहे त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करण्यात वाचणाऱ्याची संध्याकाळ जाते, आणि सगळी शक्ती तिथे संपल्यावर कथेबद्दल बोलायला त्याच्याकडे काही उरत नाही. तुमच्या जाणत्या वाचकाचं बहुधा हेच होतंय. त्यांना सोडू नका, शेवटचा खर्डा त्यांच्याकडे द्या.

प्रश्न असे विचारा: कुठल्या परिच्छेदाला लक्ष उडालं? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? निवेदन कुणाच्या नजरेतून चाललंय ते कुठे सुटलं? शेवट कितव्या पानावर ओळखलात? कथा कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगा. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. तुमच्या मनातलं वाक्य आणि त्याचं वाक्य यांत जेवढं अंतर, तेवढं काम बाकी आहे.

आता उलट बाजू, तुम्ही दुसऱ्याचं वाचताना. एकदा हातात पेन न घेता सलग वाचा. मग निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि दुसऱ्या वाचनात शेरे लिहा. शेऱ्यात तीन गोष्टी हव्यात: जागा, तिथे तुम्हाला काय झालं, आणि का झालं असावं. "संवाद कृत्रिम आहेत" हा शेरा निरुपयोगी. "पान ३, दादू बहिणीला बापाच्या आजारपणाची सगळी हकीकत सांगतो. बहीण त्याच घरात राहते, तिला ते ठाऊक असणारच. तो माझ्याशी बोलतोय हे जाणवलं आणि मी कथेबाहेर आलो" हा उपयोगी. इथे थांबायचं. दादूने काय बोलावं ते लिहून देऊ नका, ते लेखकाचं काम आहे. वाचक बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा बरोबर सांगतो, पण त्यावर सुचवलेला उपाय त्याच्या स्वतःच्या कथेला शोभणारा असतो.

जमलेल्या जागाही खुणा करून सांगा, तितक्याच नेमकेपणाने. हे मन राखण्यासाठी नाही. पुढच्या खर्ड्यात लेखक नेमकं तेच कापून टाकण्याचा धोका असतो.

३,५०० शब्दांच्या कथेला दोन वाचनं आणि शेरे धरून तीन-चार तास जातात. म्हणून महिन्याला एक कथा पुरे, मुदत दोन आठवडे.

तिठा

मालवणीबद्दल. दोन वाचक घ्या, एक मालवणी घरातला आणि एक घाटावरचा किंवा मुंबईतला, ज्याने मालवणी फक्त नाटकात ऐकलीय. दोघांना प्रश्न वेगळे विचारा. घरच्याला विचारा, बोली कुठे घसरते? एकच पात्र एका ओळीत "माका" आणि चार ओळींनी "मला" म्हणतं का? म्हणत असेल तर त्याला कारण आहे का? मास्तरांसमोर, बँकेत माणूस भाषा बदलतोच, तो बदल हेतूने असेल तर सोन्यासारखा. संगमेश्वरकडची बोली वेगळी, तिकडचं पात्र मालवणी बोलायला लागलं तर तिकडचा वाचक कथा तिथेच मिटतो. बाहेरच्याला विचारा, कुठल्या ओळीला अर्थासाठी अडलात? "झील" (मुलगा), "चेडू" (मुलगी), "आवस" (आई) हे संदर्भाने कळतात. एका ओळीत तीन अनोळखी शब्द आले की तो अडतो. त्यावर उपाय तळटीप नव्हे. आजूबाजूच्या कृतीतून अर्थ उघडा करा.

बाहेरच्या वाचकाला आधीच सांगून ठेवा की बोली "शुद्ध" करून देऊ नये.

स्थानिक वाचकाचा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे तपशील. जुलैच्या मध्यावर ट्रॉलर समुद्रात गेलेला दाखवला तर मालवणचा वाचक लगेच पकडेल, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. १९९० च्या कथेत चाकरमानी कुडाळ स्टेशनावर उतरला तरी तेच. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ साली, १९९० मध्ये मुंबईहून येणारा रातराणी एसटीने यायचा. अशी एक चूक दिसली की वाचक पुढचं सगळं संशयाने वाचतो.

सुरंगीचा_वळेसर

तिघांचेही मनापासून आभार. अजून एक अडचण. दोन वाचकांनी उलटसुलट सांगितलं तर? एका मैत्रिणीला शेवट घाईचा वाटला, दुसरीला लांबलेला. कुणाचं धरू?

चिरेबंदी

दोघींनी बोट ठेवलंय ते एकाच जागेवर, म्हणून ती जागा नक्की दुखतेय. त्यांच्या उपायांची सरासरी मात्र काढू नका. शेवट घाईचा आणि लांबलेला दोन्ही वाटतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा आधीच्या प्रसंगात असतं. पात्राचा निर्णय कथेत घडलेलाच नसतो. मग एकीला तो अचानक आल्यासारखा वाटतो, आणि दुसरीला निर्णयानंतरचं स्पष्टीकरण लांबट वाटतं. शेवटाच्या आधीचं दीड-दोन पान तपासा.

एकाच वाचकाने सांगितलेलं आणि तुम्हाला न पटलेलं आठवडाभर बाजूला ठेवा. शेरे आले त्या दिवशी फक्त "मिळाले, आभार" एवढंच कळवा. तुमचं म्हणणं असं होतं, तसं होतं, हे समजावत बसू नका. तुमच्याकडून ऐकलं की तो पुढच्या खर्ड्यात कागदावर नसलेलंही वाचू लागतो, आणि मग कोरा वाचक म्हणून त्याचा उपयोग संपतो. शेऱ्याचा अर्थ कळला नसेल तर तेवढं जरूर विचारा. मोठ्या पुनर्लेखनानंतर कथा नव्या वाचकाकडे द्यावी तीही याच कारणाने.

पडवीतलं_टेबल

तांत्रिक बाजू राहिली, ती सांगते. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्याकडे तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते. गूगल डॉक्समध्ये ठेवली तर समोरच्याला "कमेंट" करण्याचीच परवानगी द्या, बदल करण्याची नको. वर्डमध्ये असेल तर "ट्रॅक चेंजेस" (केलेला प्रत्येक बदल वेगळा दाखवणारी सोय) चालू करून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली की शेरे "ते मधलं, नदीचं" असे येतात आणि मधलं म्हणजे कुठलं ते शोधावं लागतं. तसंच पाठवायचं असेल तर परिच्छेदांना क्रमांक द्या. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून फाइल मोबाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगा.

चोरीबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कथा लिहिली गेल्याक्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तारीखवार खर्डे आणि पाठवल्याची ईमेल जपून ठेवा. कल्पनेला मात्र संरक्षण नाही, तिच्या मांडणीला आहे. अनोळखी माणसाला एका प्रसंगापासून सुरुवात करण्याचा हाही एक फायदा. त्याहून खरा धोका वेगळा आहे. बरेच अंक "अप्रकाशित" कथा मागतात, आणि फेसबुकवर किंवा खुल्या संकेतस्थळावर अभिप्रायासाठी टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशित ठरू शकते. बंद दुव्यानेच द्या, म्हणजे ज्याला पाठवला त्यालाच उघडेल असा.

वेळेचं गणित उलटं मांडा. बरेचसे अंक जून ते ऑगस्टच्या दरम्यान मजकूर मागवतात. मे महिन्यात आपल्याकडे आंबा, काजू, पाहुणे आणि लग्नं, तेव्हा शांतपणे वाचायला वेळ काढणं कठीण. पहिली फेरी फेब्रुवारीत, दुसरी मार्चअखेर, आणि शुद्धलेखनाची नजर पाऊस लागल्यावर, असं ठेवा.

आणि जोडी नाही जमली तर गप्प राहून ताटकळत ठेवू नका. हातात असलेली कथा पुरी वाचून द्या, शेरे पाठवा, आणि लिहा: "यापुढे मला वेळेचं जमणार नाही, तुमची ही कथा वाचायला मिळाली याचा आनंद आहे." गावात पुन्हा समोरासमोर येणारच असता, एवढ्याने दोघांनाही मोकळं बोलता येतं.