मदत हवी आहे: कडेवर खूण नसलेल्या नेपोलियनच्या चांदीच्या पदकाचा काळ कसा ठरवावा?

नमस्कार.

ऐतिहासिक स्मृतिपदकांच्या जुन्या ठशांवरून पुढच्या काळात पुन्हा पाडलेल्या चांदीच्या प्रती, म्हणजे रीस्ट्राइक, मी जमवतो. मूळ पदक परवडत नाही म्हणून घ्यायची दुय्यम वस्तू, असे त्यांच्याकडे पाहणे मला पटत नाही; कोणत्या राजवटीला कोणते पदक पुन्हा पाडावेसे वाटले, हाही इतिहासच आहे.

प्रश्न 1804 सालच्या राज्याभिषेकाच्या पदकाबद्दल आहे. दर्शनी बाजूला नेपोलियनचा मुखवटा असून मागे एक सिनेटर आणि एक सैनिक त्याला ढालीवर उचलून धरत आहेत. पॅरिसच्या टांकसाळीने 1832 पासून पदकांच्या कडेवर खूण उठवायला सुरुवात केली: आधी दिवा, मग थोडा काळ नांगर आणि जहाजाचा पुढचा भाग, 1845 ते 1860 बोट दाखवणारा हात, 1860 ते 1879 मधमाशी आणि 1880 पासून समृद्धीचे शिंग. माझ्या पदकाच्या कडेवर यांपैकी काहीच नाही, धातूचे नावही नाही. एवढ्यावरून ते 1832 पूर्वीचे ठरायला हवे.

परंतु भिंगातून पाहिल्यावर मानेजवळच्या मोकळ्या भागात बारीक उंचवटे दिसतात. ठसा गंजला की त्यात खड्डे पडतात आणि ते पदकावर असे फुगीर ठिपके होऊन उतरतात. म्हणजे पदक पाडले तेव्हा ठसा बराच काळ पडून राहिलेला असावा. शिवाय कडेवर एकाच जागी, नखभर लांबीत, कानशीने घासल्यासारख्या समांतर रेघा आहेत. बाकी कड गुळगुळीत आहे.

हवेत आणि पाण्यात वजन करून काढलेली घनता 10.4 च्या जवळपास येते. तांब्याची घनता 8.96 असल्यामुळे हा मुलामा दिलेला तांब्याचा नग नाही, हे निश्चित. अक्षरांच्या कडा धारदार असल्याने ओतीव नक्कल असण्याची शक्यताही मला कमी वाटते.

खूण मुद्दाम घासून काढली असेल, तर त्या जागी पदकाचा व्यास किंचित कमी भरेल का, आणि तो कोणत्या साधनाने मोजावा? की 1832 पूर्वीही जुने, गंजलेले ठसे वापरून याच्या प्रती पाडल्या गेल्या होत्या? हात किंवा मधमाशीची खूण असलेली हीच प्रत कोणाकडे असल्यास, मानेजवळच्या भागाचे तिरप्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र कृपया द्यावे. ठिपके त्याच जागी आढळले, तर निदान ठसा एकच होता का, हे तरी ताडून पाहता येईल. तोपर्यंत पदकावरचा काळपट थर मी तसाच ठेवणार आहे.