मताधिकाराचा इतिहास दोन तासिकांत कसा शिकवावा?

खडूफळा: १४-१५ वर्षांची मुलं हक्कांची यादी घडाघडा म्हणतात, पण हे हक्क मुळातच सगळ्यांना होते असं धरून चालतात. ४० मिनिटांच्या दोन तासिका आहेत. सुरुवात कुठून करावी?

उलटतपासणी: फ्रेंच राज्यक्रांतीपासून, पण बॅस्टिल तुरुंगाच्या पाडावापाशी रेंगाळू नका. ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम वाचा: माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात. लगेच १७९१ च्या संविधानातल्या मतदाराच्या मुख्य अटी फळ्यावर लिहा: पुरुष, वय २५ पूर्ण, किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर, घरगुती नोकर नसावा. मग चिठ्ठ्या वाटा: चाळिशीचा वकील, २२ वर्षांचा सुतार, श्रीमंत विधवा, उमरावाचा स्वयंपाकी. मत कोणाला? अटी आधी लिहिल्या नाहीत तर मुलं सगळ्यांनाच मत देऊन मोकळी होतात आणि तासिका फुकट जाते. विधवेची चिठ्ठी निघाली की फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूज यांनी १७९१ मध्येच लिहिलेला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा आणा. फ्रान्समध्ये स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं ते १९४५ मध्ये, हेही तिथेच सांगा.

सनदवाला: +१. पण इथेच थांबलात तर 'क्रांती म्हणजे फसवणूक' एवढंच डोक्यात राहील. दुसरी तासिका ब्रिटनच्या चार्टिस्टांना, म्हणजे मताधिकारासाठी झगडणाऱ्या कामगार चळवळीला द्या. त्यांच्या १८३८ च्या सनदेत सहा मागण्या होत्या. १८३९, १८४२ आणि १८४८ असे सनदेसाठीचे तिन्ही अर्ज संसदेने धुडकावले. तरी पुढे पाच मागण्या कायद्यात उतरल्या. गुप्त मतदान १८७२ ला, खासदारांना वेतन १९११ ला. दरवर्षी निवडणूक तेवढी कधीच आली नाही. ती यायला हवी होती का, यावर गटांत १५ मिनिटं वाद होऊ द्या. सनदेतला मताधिकारही फक्त पुरुषांसाठी होता, हे मुलांना स्वतः शोधू द्या.

तळटीप: एक भर. हक्क पुढेच सरकतात हा समज मोडायला हवा. फ्रान्सने वसाहतींतली गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये परत आणली. हैती या फ्रेंच वसाहतीतल्या लोकांनी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. हा भाग चिठ्ठ्यांच्या खेळात मात्र घालू नका. कुठल्याही मुलाला गुलाम 'व्हायला' लावणं वाईट. शिवाय वर्गात हसू झालं की गांभीर्य संपतं. मूळ मजकुराचा उतारा वाचून चर्चा करा. आणि चाचणीत 'कोणत्या साली मिळाला?' विचारू नका. 'कोणाला, कोणत्या अटीवर, कोणाच्या विरोधात?' असं विचारा.