साताऱ्याची प्रिया स्कूटर भंगारात का घालायची?

कोडोलीवाला: कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. पोस्टवाल्या दादांच्या घरी आजोबांची प्रिया कित्येक वर्षं पोर्चमध्ये पडून आहे, मुलाला ती गल्लीत फिरवायला चालू करून हवीय, आणि दादा म्हणतात, 'धूर ओकणारं धूड भंगारात द्या, दुरुस्ती हे रिकामटेकड्यांचं खूळ.' साताऱ्यात राहून प्रियाला धूड म्हणता? आपल्याच एमआयडीसीत बनलेली गाडी ती.

धुराचं सांगतो. उभ्या गाडीत क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, ऑइल अडवणारी रबरी सीलं वाळून कडक होतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं, तोच तो पांढरा लोट. मॅग्नेटच्या, म्हणजे पंख्याच्या, बाजूचं गेलं की इंजिन हवा घेतं, मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. दोन्ही सीलं बदला, सायलेन्सरमधला कार्बन काढा, पेट्रोलच्या लिटरला २० मिली टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, मोजून घाला. लोक 'इंजिनला बरं' म्हणून अंदाजानं ओततात आणि बदनाम गाडी होते.

आणि पोराला सांगा, पहिल्याच दिवशी किक मारू नको. प्लग काढून भोकातून थोडं ऑइल सोड, रात्रभर मुरू दे, सकाळी पंखा हातानं हळू फिरव. अडकलेला पिस्टन सुटला की अर्धं काम झालं.

सदरबझार: पोस्ट माझीच. सीलं सोन्याची घातलीत तरी टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळणारच, आणि थोडं कच्चं पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर जाणारच. घरात आईला दमा आहे. तिच्या खिडकीखाली रोज सकाळी हे चालू करू? शिवाय १५ वर्षांनंतर पुनर्नोंदणी. तिची फी २०२२ मध्येच ३०० ची १००० झाली होती. वर हरित कर, विमा, पीयूसी, नवी नंबरप्लेट. 'गल्लीतच फिरवतो' म्हटल्यानं कागद माफ होत नाहीत. उद्या पोरानं कुणाला उडवलं तर भरपाई मीच भरायची ना?

बोगदा: कागदांचं नाव काढू नका. माझ्या गाडीचं आरसी हरवलं, एका एजंटानं पैसे घेतले आणि फोन उचलणंच बंद केलं. गाडी ठणठणीत, पण दारात उभी.

शाहूपुरी: प्रियाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. माझे वडील प्रिया बनवणाऱ्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते. १९७५ ची कंपनी, बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ दोघांची. तेव्हा स्कूटर बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. वडील शिफ्टवरून आले की हाताला ग्रीसचा वास यायचा, तो मला अजून आठवतो. पुढे स्कूटर बनणं थांबलं, २०१९ मध्ये महामंडळानं आपला हिस्साही बजाजलाच विकला. आणि आज आमची पोरं पहाटेच्या एसटीनं शिरवळ नाहीतर पुणं गाठतात. भंगारात काय काय घालणार आहात?

करंजे: ताई, भावना समजतात. पण लोकांनी मोटरसायकली घ्यायला सुरुवात केली, स्कूटरचा खप पडला. गिऱ्हाईक गेलं की कारखाना कोण चालवणार?

शाहूपुरी: मग त्याच शेडमध्ये दुसरं काहीतरी बनवता आलं असतं. साताऱ्यानं जागा दिली, माणसं दिली. खपाचा हिशेब कामगाराला का सांगता?

करंजे: तुमचं दुःख मोठं आहे म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही. प्रत्येक धाग्यावर एमआयडीसी आणायची आणि विरोधात बोललं की कामगारद्रोही! आमच्याही घरात नोकरी गेलीय.

बोगदा: साताऱ्यात उद्योग टिकतच नाहीत, कारण पुढारी...

कोडोलीवाला: पुढारी नकोत इथं. सदरबझार, दम्याचं कळलं. खिडकीखाली चालू करू नये हे मान्य, गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यावी. कागदाशिवाय रस्त्यावर आणू नये हेही मान्य, मी कुठं नाही म्हणालो? पण म्हणून भंगार? चाकांवर उभं असलेलं पत्र्याचं आख्खं शरीर किलोवर विकायचं?

सदरबझार: बरं. आधी नोंदणी, मग गाडी. पुन्हा सांगतो, मला हे पटलेलं नाही. मुलगा हट्टाला पेटलाय आणि आईनंही त्याचीच बाजू घेतली, म्हणून. मात्र यवतेश्वरच्या घाटात नेऊ देणार नाही. त्या ड्रम ब्रेकवर माझा काडीचा विश्वास नाही.

कोडोलीवाला: ब्रेकबद्दल बरोबर बोललात. लायनर आणि केबली नव्या घाला. आणि पोवई नाक्याकडे उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची जुनी खोड असते, ती त्याला लावू नका. पेट्रोलबरोबरच ऑइल जातं, गिअरमध्ये ठेवून पेट्रोल तोडलं तर पिस्टन कोरडा फिरतो. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनी रबरी नळी फुगते, ती आधी बदला. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवायची.

शाहूपुरी: सदरबझार, चासी नंबर घासून साफ केलात की फोटो टाका. वडिलांना दाखवायचाय.