डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा वेगळा का? ग्रुपवरची चर्चा

प्रसाद: एक शंका. पेट्रोल आणि डिझेल एकाच कच्च्या तेलातून निघतं ना? मग पंपावर दोन दर कशाला? डिझेल कमी शुद्ध केलेलं असतं म्हणून स्वस्त, असं ऐकलंय.

देशमुख काका: तो समज आधी डोक्यातून काढ. रिफायनरीच्या टॉवरमध्ये साधारण 200 अंशांच्या आत उकळतं ते पेट्रोलकडे जातं आणि 200 ते 350 च्या मधलं डिझेलकडे. पण त्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असतं. ते काढायला दाबाखाली हायड्रोजन सोडावा लागतो आणि तो काही फुकट मिळत नाही. युरोपात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत फक्त 10 आहे. पेट्रोलला ऑक्टेन, म्हणजे इंजिनात वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता, वाढवायचा खर्च असतो, तो वेगळाच.

सीमाताई: मग जे जास्त खपतं तेच जास्त काढायचं. सोपं आहे की!

देशमुख काका: तिथेच तर गोम आहे सीमाताई. कच्च्या तेलाचं पिंप 159 लिटरचं. अमेरिकेत त्यातून साधारण 72 ते 75 लिटर पेट्रोल आणि 42 ते 49 लिटर डिझेल निघतं. हे प्रमाण थोडं इकडेतिकडे करता येतं, पण नुसतं डिझेल काढतो म्हटलं तर जमत नाही. त्यात विमानाचं इंधन डिझेलच्या शेजारच्याच भागातून येतं.

रोहन: मी तर सगळं खापर करावर फोडत होतो 😄

देशमुख काका: फोड की, तोही आहेच. फक्त देशागणिक उलटसुलट. अमेरिकेत केंद्राचा कर गॅलनमागे (साधारण 3.8 लिटर) पेट्रोलवर 18.4 सेंट, डिझेलवर 24.4. युरोपीय संघात किमान कर हजार लिटरला पेट्रोलवर 359 युरो आणि डिझेलवर 330. ट्रक-ट्रॅक्टरचा खर्च वाढला की सगळंच महागतं, म्हणून बरीच सरकारं डिझेलला सांभाळून घेतात.

सीमाताई: मग कर सारखा ठेवला तर दरही सारखे होतील?

देशमुख काका: नाही ना! ब्रिटनमध्ये दोन्हींवर लिटरमागे सारखंच शुल्क आहे, तरी 2022 मध्ये तिथे डिझेल पेट्रोलच्या बरंच वर गेलं. युरोप डिझेलसाठी रशियावर अवलंबून होता आणि रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं. पेट्रोल मात्र युरोपात गरजेपेक्षा जास्त बनतं, ते बाहेर विकतात. शिवाय थंडीत घरं तापवायला लागणारं तेल म्हणजे जवळपास डिझेलच. म्हणजे एकाच मालाला ट्रकवाले, शेतकरी, जहाजं आणि घरवाले असे सगळे गिऱ्हाईक.

प्रसाद: मग काका, पुढची गाडी डिझेलची घेऊ का?

देशमुख काका: नुसता लिटरचा दर बघू नकोस. डिझेल जड असतं, एका लिटरात पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते आणि इंजिनही ती जास्त कामी लावतं. त्यामुळे दर थोडा जास्त असला तरी किलोमीटरमागे ते परवडू शकतं. पण गाडीच मुळात महाग पडते, तो फरक भरून काढायला ती पळायला हवी. तू तर सणावारालाच कव्हर काढतोस.