सार्डिनिया: ला मॅडालेनाच्या बेटांभोवती दिवसभराची खाजगी बोट, आई-बाबांना झेपेल का?

ओवी_स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सार्डिनियाला जातोय. विमान ओल्बियाचं, मुक्काम पालाउमध्ये. आई-बाबा नाशिकहून आलेत, त्यांना घेऊन ला मॅडालेनाची बेटं बोटीने बघायचा बेत आहे. मोठ्या बोटी शंभर-दीडशे माणसं घेऊन निघतात, त्या नकोत असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून खाजगी बोटीची चौकशी केली.

पहिला पर्याय गोम्मोने, म्हणजे फुगवलेल्या कडांची रबरी बोट, सोबत चालवणारा माणूस, ४८० युरो, इंधन वेगळं. दुसरा लाकडी मोटरबोट, ७२० युरो, इंधन आणि दुपारचं जेवण धरून. तिसरा नवऱ्याच्या डोक्यात आहे: इटलीत ४० हॉर्सपॉवरपर्यंतचं इंजिन असेल तर लायसन्स लागत नाही, मग आपणच चालवू!

माणसं अशी: आईला पोहता येत नाही आणि कसारा घाटातसुद्धा मळमळतं. बाबा ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, बी.पी.ची गोळी चालू. निवृत्त इतिहास शिक्षक, त्यामुळे त्यांना इटलीच्या एकीकरणातल्या गॅरिबाल्डीचं घर बघायचंच आहे. मुलगा आठ वर्षांचा, पाण्यातून बाहेर काढणं हीच अडचण. जेवायला आई-बाबा शाकाहारी, अंडंही नाही.

एवढे पैसे घालण्यासारखं आहे का? आणि बुदेल्लीचा गुलाबी किनारा धरून सगळी बेटं एका दिवसात होतात का?

टंगळमंगळ

मोठी बोट घ्या, पैसे वाचवा. वर सावली, खाली संडास, आजी-आजोबांना बसायला बाक. पाणी सगळ्यांना सारखंच निळं दिसतं.

खडपावरचा

ओवीताई, मी मूळचा देवगडचा. उभी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आता लेक ओल्बियाला असते म्हणून उन्हाळ्याचे महिने तिकडेच असतो. त्या पाण्याची थोडी ओळख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठली बेटं होणार हे तुम्ही नाही ठरवायचं आणि बोटवाल्याच्या छापील नकाशानेही नाही. ते वारा ठरवतो. तिकडे वायव्येकडून माएस्त्राले येतो. कॉर्सिका आणि सार्डिनियाच्या मध्ये बोनिफाचोची सामुद्रधुनी आहे, अरुंद जागी जेमतेम ११ किलोमीटर. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये ही फट, त्यात वारा कोंबला जातो आणि पलीकडे निघताना जोर धरूनच निघतो. ही सगळी बेटं त्या तोंडाशीच बसलीत. असा वारा सुटला की दोन-तीन दिवस हटत नाही. म्हणून बोट मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवसाची ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते. पैसे देण्याआधी विचारा: वाऱ्यामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? लेखी घ्या.

वारा मध्यम असेल तर चांगला तांडेल तुम्हाला बेटांच्या दक्षिण अंगाला नेईल. स्पार्जी बेटाची काला कोर्सारा ही खाडी त्या बाजूला आहे, माएस्त्रालेच्या दिवशीही तिथे पाणी पुष्कळदा शांत मिळतं. सगळं निवांत असेल तर बुदेल्ली, रात्सोली आणि सान्ता मारिया या तिघांच्या मधल्या उथळ पाण्यात नेतील. पांढरी वाळू, कमरेएवढं पाणी, तुमच्या लेकाला तिथून काढायला क्रेन लागेल. मोठी बोट आणि खाजगी बोट यात फरक पडतो तो इथे. मोठी बोट ठरलेल्या वेळी ठरलेल्या किनाऱ्यावर दीडशे माणसं उतरवते. लहान बोटीचा माणूस सकाळी आभाळ बघून उलट्या क्रमाने फिरवू शकतो, आणि आईंना त्रास व्हायला लागला तर अर्ध्या तासात आडोशाला घेऊ शकतो. पैसे त्याचे आहेत. टंगळमंगळ यांचं बाकांचं म्हणणं मात्र खरं आहे.

गोम्मोने तुमच्यासाठी नको. वेगात लाटेवर आपटतो, बसायला फुगवलेली कड, बऱ्याच गोम्मोनेंवर संडास नसतो. तरण्या पोरांना मजा येते, पण गुडघे आणि बी.पी. घेऊन सहा तास नको. लाकडी बोट सावकाश जाते, बेटं एखाद-दोन कमी होतील, पण सावलीला कापडी छत असतं आणि चहा हातात धरता येतो. फक्त मागच्या शिडीचा फोटो मागवा. काही शिड्या सरळ खाली लोंबणाऱ्या, दोनच पायऱ्या पाण्यात असलेल्या असतात. त्यावरून वर यायचं तर सगळं वजन हातावर येतं, बाबांना जमणार नाही. तीन-चार पायऱ्या पाण्याखाली जाणारी, रुंद, जराशी तिरकी शिडी हवी.

दुसरं म्हणजे किनाऱ्यावर उतरणं. आपल्याकडे तारकर्लीला होडी वाळूत घुसते आणि माणसं गुडघाभर पाण्यातून चालत जातात, तसं इथे धरू नका. राष्ट्रीय उद्यान आहे, पुष्कळ ठिकाणी बोट लांब बोयाला बांधायची किंवा नांगर टाकायचा आणि पोहत जायचं. आईंना पोहता येत नाही. तेव्हा बोटीबरोबर डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर सोडणारी लहान होडी, आहे का, हे पहिलं विचारा. नसेल तर दिवसभर त्या बोटीवर बसून राहतील आणि तुम्हा सगळ्यांना त्याची टोचणी लागेल.

नवरोबांच्या कल्पनेबद्दल: कायदा त्यांच्या बाजूने आहे, समुद्र नाही. ग्रॅनाइटची खडपं पाण्याच्या पातळीशी लपलेली आहेत. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी म्हणावी अशी नाही, वीत-दोन वीत पाणी वर-खाली होतं. त्यामुळे आपल्याकडे ओहोटीला खडप उघडं पडतं आणि माणूस शहाणा होतो, तशी सोय इथे नाही. शिवाय कुठे नांगर टाकायचा हे शिकावं लागतं. वरून पाहिलं की तळाला काळपट हिरवे डाग दिसतात, ती पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, मुळं, पानं, फुलं असलेली खरी वनस्पती. तिचं मूळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकतं, नांगराने एक ढेकूळ उपटलं की ती जागा भरून यायला माणसाचं आयुष्य जातं. नांगर फिक्या रंगाच्या जागी, म्हणजे वाळूत पडला पाहिजे. वाऱ्यात, पोर ओरडत असताना, हे नवख्याला जमत नाही. त्यांना तांडेलाशेजारी उभं करा, मोकळ्या पाण्यात पाच मिनिटं सुकाणू मागितलं तर बहुतेक देतात.

बुदेल्लीचा गुलाबी किनारा लांबून बघायचा. १९९४ पासून तिथे पाय ठेवायला बंदी आहे. तो रंग एका सूक्ष्म जिवाच्या लालसर कवचांचा. पोसिडोनियाच्या मुळांशी तो वाढतो, मेला की कवचाचा चुरा लाटांबरोबर वाळूत येतो. लोकांनी बाटल्या भरभरून वाळू नेली आणि रंग उडायला लागला, म्हणून बंद केला. १९८९ मध्ये माउरो मोरांदी नावाचा माणूस बोट बिघडली म्हणून तिथे थांबला आणि राखणदार होऊन ३२ वर्षं एकटा राहिला. २०२१ ला त्याला उद्यानाने निघायला लावलं, २०२५ ला वारला. तांडेल ही गोष्ट सांगतातच, प्रत्येकाची वेगळी असते.

ओवी_स्टुटगार्ट

काका, काय सांगू, इतकं कुठल्याच साइटवर मिळालं नाही. शिडीचा विचार तर आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. आजच फोटो मागवते. नवऱ्याला तुमचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, तो "पाच मिनिटं सुकाणू" एवढंच ऐकून खूश आहे.

दोन शंका. आईला मळमळीसाठी अ‍ॅव्होमिन चालेल का? आणि गॅरिबाल्डीचं घर बोटीतूनच करता येईल का, कॅप्रेरा तर वाटेतच दिसतंय नकाशावर.

माई_मिलानो

अ‍ॅव्होमिन निघायच्या आधी तासभर घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. झोप येते. बी.पी.वाल्यांनी आणि आधीपासून गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सकाळी उपाशी निघायचं नाही आणि भरपेट तर मुळीच नाही. कोरडी पोळी, आलेपाक. बोटीवर नजर क्षितिजावर, फोनमध्ये नाही. आईंना पुढच्या टोकाला नका बसवू, मध्याच्या जरा मागे बसवा, तिथे हेलकावा कमी.

जेवणाचं लिहिते, कारण "शाकाहारी" म्हटल्यावर इथे मान डोलावतात आणि ताटात ट्यूना येतो. "मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही" असं तिन्ही मोजून सांगा. पाने कारासाऊ मिळेल, खाकऱ्यासारखी पातळ, कुरकुरीत भाकरी. वर ऑलिव्ह तेल आणि मीठ टाकून देतात, बाबांना नक्की आवडेल. टोमॅटो, भाजलेली वांगी, काकडी, टरबूज हे सगळं सहज होतं. कुलुर्जोनेस दिसले तर विचारून घ्या: बटाटा, चीज, पुदिना भरलेले मोदकाच्या चुण्यांसारखी शिवण घातलेले असतात, पण वरच्या सॉसमध्ये मांस असू शकतं.

सेआदास म्हणजे चीज भरून तळलेली, वर मध घातलेली गोड पुरी. त्यावर सगळे भाळतात. पण पारंपरिक कणकेत डुकराची चरबी घालतात! माझ्या सासूबाई दोन खाऊन झाल्यावर मला कळलं, अजून सांगितलेलं नाही. पेकोरिनो चीजमध्येही बहुधा जनावराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, तुमच्या घरी किती कडक आहे त्यावर ठरवा. मी तर डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊनच निघते. ७२० मधलं जेवण वगळून किंमत कमी करतात का बघा, पुष्कळदा करतात.

खडपावरचा

माईंचं डब्याचं बरोबर. दशम्या समुद्रावर चारही वेळा चालतात.

गॅरिबाल्डी बोटीत कोंबू नका. कॅप्रेरा बेट ला मॅडालेनाला पुलाने जोडलेलं आहे. पालाउहून फेरी दर थोड्या वेळाने सुटते, वीसेक मिनिटांचा रस्ता, गाडी आत घेते. दुसऱ्या दिवशी गाडीनेच दारापर्यंत जा. संग्रहालयाची तिकिटं आणि सुट्टीचा वार आधी बघून घ्या. वारा सुटून बोट रद्द झाली तर तोच दिवस गॅरिबाल्डीला द्या, बाबा वाऱ्याचे आभार मानतील.

त्यांना सांगा, शाळेत मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर अशी जी तिकडी शिकवली त्यातला हा मधला माणूस इथे शेती करायचा. १८५५ मध्ये भावाच्या वारशाच्या पैशातून त्याने अर्धं बेट विकत घेतलं. पांढरं बसकं घर, अंगणात पाइनचं झाड. २ जून १८८२ ला वारला, घरातली घड्याळं त्या वेळेला थांबवलेली आणि दिनदर्शिकेवर तीच तारीख ठेवलेली आहे. मरणाआधी लिहून ठेवलं होतं की सुवासिक लाकडांची चिता रचून मला जाळा. ऐकलं नाही कोणी, पुरलंच. मागे ग्रॅनाइटची ओबडधोबड शिळा आहे, ती त्याची कबर. शिक्षक माणसाला तिथे तास पुरणार नाही.

शिवाय बोटीतून सान्तो स्तेफानो बेट दिसेल तेव्हा बाबांना आठवण करा. १७९३ मध्ये २३ वर्षांच्या नेपोलियनने त्याच बेटावर तोफा लावून ला मॅडालेनावर मारा केला होता. मोहीम फसली आणि तोफा तिथेच टाकून त्याला परत फिरावं लागलं.

आणि नातवाच्या खिशावर लक्ष. सार्डिनियात वाळू, खडे, शिंपले नेले तर ५०० ते ३००० युरो दंड. विमानतळावर बॅगा तपासतात. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत ४० किलो वाळू सापडली होती. किनाऱ्यावर तपकिरी वाळक्या पानांचे ढीग दिसले तर आई "केवढी घाण" म्हणतील, माझी बायकोही म्हणाली होती. ती पोसिडोनियाचीच पानं. हिवाळी लाटांपासून वाळू राखतात, म्हणून ठेवलेली असतात.

टंगळमंगळ

खडपावरचा, लाव्हेत्सीचं नाही लिहिलंत? बुदेल्लीपेक्षा सरस आहे.

खडपावरचा

ते कॉर्सिकेचं, म्हणजे फ्रान्स. सामुद्रधुनी ओलांडावी लागते, ओवीताईंच्या आईंना नको. बाकीच्यांना जायचं असेल तर पासपोर्ट बरोबर ठेवा आणि दिवस अगदी निवांत निवडा. १८५५ मध्ये सेमियाँत नावाचं फ्रेंच युद्धजहाज क्रिमियाच्या लढाईला निघालं होतं, ते वादळात त्याच खडकांवर फुटलं. सुमारे सातशे माणसं, एकही वाचला नाही. दफनभूमी बेटावरच आहे.

ओवी_स्टुटगार्ट

अपडेट. लाकडी बोटवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे प्रश्न टाकले. शिडीचा फोटो आला, चार पायऱ्या, दोन्ही बाजूंना दांडे. डिंगी आहे. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे. वाऱ्यामुळे रद्द झाली तर दुसरी तारीख किंवा पूर्ण पैसे परत, हे त्याने लिहून दिलं. जेवण काढून ६४० वर आला. कुठल्या बेटांना नेणार विचारलं तर म्हणाला, "आदल्या रात्री आठला सांगतो."

गोम्मोनेवाल्याने मात्र त्याच प्रश्नावर पाच बेटांची वेळांसकट यादी पाठवली.

लाकडी बोट पक्की केली, मंगळवारची. बुधवार मोकळा ठेवलाय. माई, दशम्या दुधातल्या करू का? दिवसभर उन्हात राहतील ना?

माई_मिलानो

दुधात भिजवून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेल्या राहतात. कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या डब्यात घाम सुटतो. चटणीत लसूण कमी घाला, बोटीवर वास फिरतो आणि मळमळणाऱ्याला तेवढंच पुरतं.