मदत हवी आहे: अल्काराझ-सिनरनंतर कोणावर नजर ठेवू?

मंडळी, टेनिसमधली २०२४ आणि २०२५ ची आठही ग्रँड स्लॅम या दोघांनीच वाटून घेतली. खेळ अफलातून, पण फायनलला कोण येणार हे आधीच ठाऊक असलं की निम्मी मजा जाते. म्हणून नव्या पोरांचे सामने बघायला घेतलेत.

फोन्सेकाने २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये नवव्या मानांकित रुब्लेव्हला सरळ सेटमध्ये उडवलं. काय तो फोरहँड! पाय नीट स्थिरावायच्या आत चेंडू समोरच्याला पार करून गेलेला असतो. मेन्शिकने त्याच वर्षी मायामीच्या फायनलमध्ये जोकोविचला दोन टायब्रेकमध्ये हरवलं, पण सर्व्हिस रुसली तर त्याच्याकडे दुसरं काय आहे? डावखुऱ्या लर्नर टिएनकडे ताकद बेताची, डोकं मात्र भारी. मेदवेदेवला पाच सेट दमवून बाहेर काढणं खायचं काम नाही. (माझा पाठिंबा यालाच.)

जाणकारांनो, क्ले कोर्टवर पाच सेट यांपैकी कोण टिकेल? रँकिंग बाजूला ठेवून खेळाडू जोखायचा तर आधी काय बघता, रिटर्न की सेकंड सर्व्ह? आणि चॅलेंजर स्पर्धांमधलं (मुख्य टूरच्या खालच्या पायरीवरच्या) एखादं नाव सुचवा ना, अजून फारसं कोणाच्या तोंडी नसलेलं.